शहारे सरांचं खोटं

“पाह्यलं का आयकलं?”

शहारे सरांच्या वर्गात कोणतीही बातमी या प्रश्नाशिवाय पुढे जात नसे. एखादा मुलगा धापा टाकत यायचा, “सर, तलावात मगर निघाली जी!” सर खडू ठेवायचे, हात झटकायचे आणि विचारायचे. मुलगा ‘आयकलं’ म्हणाला की, “कोनाकडून?” ‘पाह्यलं’ म्हणाला की, “तू कुठं उभा होता? मगर कुठं होती? मधात काय होतं?” एवढ्या प्रश्नांनंतर बहुतेक मगरींचे ओंडके व्हायचे. एकदा मात्र घोरपड निघाली. त्या दिवशीचा गणिताचा तास सरांनी घोरपडीला दिला.

मी तेव्हा अर्जुनी मोरगावला एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. सरांची शाळा तिथून चौदा किलोमीटरवर, जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. गावाचं नाव इथे देत नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांतले बरेचजण अजून तिथेच राहतात, एवढं कारण पुरे.

सरांचं नाव दुर्योधन. आमच्या भागात हे नाव नवलाचं नाही. सरांच्या वडिलांना मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतल्या, नाटकांचा नाद होता आणि गदा घेतलेला नट त्यांना विशेष आवडायचा. शाळेतले दुसरे मास्तर चिडवायचे, “नाव दुर्योधनाचं अन् धंदा धर्मराजाचा.” सर हसायचे नाहीत. “बापाले गदा आवडली, मले खडू भेटला,” एवढंच म्हणायचे. अंगाने किरकोळ, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशात दोन पेनं. त्यांतलं लाल पेन मुलांच्या वह्यांसाठी आणि वर्तमानपत्रासाठी.

हे लाल पेन मला पहिल्यांदा पोस्टाने भेटलं. एका पावसाळ्यात त्यांच्या गावच्या तलावाची पाळ फुटली, आणि मी अर्जुनीत बसून ‘शेकडो एकर धान पाण्याखाली’ अशी बातमी दिली. आठ दिवसांनी तेच कात्रण माझ्याकडे परत आलं. ‘शेकडो’खाली लाल रेघ, आणि बाजूला बारीक, सुबक अक्षर: ‘सहावीच्या मुलांनी धानाच्या बांध्या पायांनी मोजल्या. अडतीस एकर. आपण पाहिलं की ऐकलं?’ खाली सही. मी ऐकलं होतं. संपादकांनी दुरुस्ती छापली नाही. मी मात्र पुढच्या आठवड्यात बसने त्या गावी गेलो, आणि तेव्हापासून आमची ओळख.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी सर या शाळेत आले होते. पहिल्याच वर्षी त्यांनी शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर दारापेक्षा थोडा मोठा चौकोन काळ्या रंगाने रंगवून घेतला आणि वर लिहिलं ‘आजचं गाव’. रोज एक मुलगा किंवा मुलगी त्यावर चार ओळी लिहायची. कोणाची म्हैस व्याली, बस आली की नाही, दवाखान्याच्या बाई आल्या की नाही. प्रत्येक बातमीच्या शेवटी एक शब्द सक्तीचा होता: ‘पाहिलं’ किंवा ‘ऐकलं’. शेतावर जाणारी माणसं तिथे थांबायची. ज्यांना वाचता येत नव्हतं ती दुसऱ्याला विचारायची, “का लिवलं हाय गा आज?”

तिसरा शब्द नंतर आला, आणि तो सरांच्या चुकीतून आला. पाचवीच्या एका मुलाने लिहिलं, ‘नर्सबाई सोमवारी आल्या नाहीत. पाहिलं.’ ते खरं होतं. बाई दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या आणि सगळ्या वर्गासमोर रडल्या. सोमवारी त्या पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, एका बाळंतपणात अडकल्या होत्या. बाळ आडवं होतं. सरांनी भिंत पुसली नाही. त्यांनी स्वतः त्या ओळीखाली लिहिलं, ‘पाहिलं, पण विचारलं नाही. चूक शाळेची.’ त्या दिवसापासून शब्द तीन झाले: पाहिलं, ऐकलं, विचारलं. कोणी नुसतं ‘पाहिलं’ लिहिलं की सर म्हणायचे, “पाहाले डोरे तं बैलालेबी असतात. इचारलं का?”

पुढे मोबाईल आले. आधी सरपंचाकडे, मग ट्रॅक्टरवाल्यांकडे, मग पुण्या-नागपूरला कामाला गेलेल्या पोरांनी घरी पाठवलेले. सरांनी भिंतीचा ग्रुप केला, नाव तेच. त्यात पालक, सरपंच, ग्रामसेवक, नर्सबाई, लाईनमन आणि मी. मुलं घरच्या मोबाईलवरून लिहायची. आता चार ओळींसोबत फोटो जाऊ लागला.

सर या ग्रुपवरच शिकवायचे. गावच्या मोठ्या बोअरिंगचं पाणी कमी झालं तेव्हा त्यांनी सातवीला आठवडाभर एकच काम दिलं: पाण्याचा एक गुंड, म्हणजे घागर, भरायला किती वेळा हापसावं लागतं ते रोज सकाळी मोजायचं. पहिल्या दिवशी बेचाळीस, शेवटच्या दिवशी एकशे सहा. मुलांनी आलेख काढला आणि आलेखाचा फोटो ग्रुपवर टाकला. त्यानंतर चौथ्या दिवशी पंचायत समितीचा मेकॅनिक आला आणि त्याने वायसर बदललं.

सरपंच मात्र शाळेत आले ते रागावून. “सर, आमी मेलो होतो का? आमाले सांगाचं होतं ना.”

“तुमी ग्रुपवर हाव ना जी. तुमालेच तं सांगितलं.”

“सगळ्यायसमोर सांगितलं.”

“बोअरिंग सगळ्यायची हाय,” सर म्हणाले.

शिक्षण विभागाच्या एका बैठकीत या ग्रुपचं कौतुक झालं. ‘सोशल मीडियाचा शैक्षणिक व नागरी वापर’ असं त्या टिपणाचं शीर्षक होतं. आजूबाजूच्या गावांतही ग्रुपचे मेसेज जाऊ लागले, आणि लोक म्हणू लागले की शहारे सरांच्या शाळेचं असेल, शेवटी ‘पाहिलं’ असेल, तर खरंच असणार. मीही तसंच म्हणत होतो. त्यात काय धोका आहे हे तेव्हा कोणालाच दिसलं नाही.

ग्रुपचा एक नियम सरांनी सुरुवातीला कडक पाळला होता. मराठी देवनागरीतच लिहायची. पण गावात जुने, स्वस्त मोबाईल बरेच होते, त्यांच्यावर देवनागरी उमटतच नसे. एक पालक शाळेत येऊन म्हणाले, “सर, तुमची मराठी आमच्या मोबाईलात निसते डब्बे डब्बे दिसून राहिली.” दुसरे म्हणाले, “पोरगी काय लिवते ते पाहाचं म्हणतो, तं चौकोन.” सरांनी महिनाभर विचार केला. मग एका पालकसभेत जाहीर केलं की इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिली तरी चालेल. मला म्हणाले, “लिपी अडून बसली तर माणूस बाहेर राहतो.” ग्रुपमध्ये एकदम वीस-पंचवीस माणसं वाढली. सुकराम त्यांतलाच एक.

सुकराम जंगल खात्याच्या रोजावर जायचा, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा. त्याला अक्षर येत नव्हतं. त्याच्या मोबाईलवर लिहायची ती त्याची धाकटी मुलगी, प्रणाली, सातवीतली. थोरलीची शाळा सातवीतच सुटली होती. घरी बकऱ्या होत्या आणि पुढची शाळा सहा किलोमीटरवर होती. प्रणालीचंही तेच होणार असं घरात जवळजवळ ठरलेलं होतं. सर दर पंधरा दिवसांनी सुकरामच्या ओसरीवर जाऊन बसायचे. आठवीबद्दल एक शब्द काढायचे नाहीत, नुसती प्रणालीची वही काढून सुकरामला वाचून दाखवायचे. सुकराम म्हणायचा, “तुमी म्हनता तं पाहू, गुर्जी.” अजून ‘हो’ म्हणाला नव्हता.

त्या वर्षी हिवाळ्यात मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. कुठल्या तरी परक्या गावचे फोटो, खाली ‘सावध राहा’. सरांनी ग्रुपवर लिहिलं, ‘हे ऐकलेलं आहे. कोणी पुढे पाठवू नये.’ त्यांच्या गावातून एकानेही पाठवलं नाही, हे मी तपासून सांगतो आहे.

त्याच आठवड्यात सातवीला ‘आपल्या गावात कोण येतं’ असा गृहपाठ होता. बांगड्यांची बाई, भांडी कलई करणारा, कापडाचं गाठोडं घेऊन येणारा, जो कोणी येईल त्याचा फोटो आणि दोन ओळी. प्रणालीला बिसाहू भेटला. हा मूळचा छत्तीसगडचा, राहायचा गोंदियाजवळ फुलचूरला. धानाची मळणी झाली की मोटारसायकलवर गावोगाव फिरून जुना बारदाना, म्हणजे रिकामी पोती, विकत घ्यायचा, शिवून घ्यायचा आणि राईस मिलवाल्यांना द्यायचा. प्रणालीने त्याचा फोटो काढला. मोटारसायकलच्या मागे माणसाएवढं फुगलेलं गाठोडं दोरीने करकचून बांधलेलं, आणि बिसाहूचा एक हात गमछा नीट करताना. खाली तिने इंग्रजी अक्षरांत लिहिलं: हा माणूस गावातून पोती नेतो. गाडीवर बांधून नेतो. पाहिलं.

तो मेसेज आला तेव्हा संध्याकाळचे सात वाजून अकरा मिनिटं झाली होती. सर अर्जुनीला माझ्यासमोर चहाच्या टपरीवर बसले होते. बंद झालेली दुपारची बस सुरू करावी असा अर्ज घेऊन ते आले होते. दोघांचेही मोबाईल एकदम वाजले. सरांनी मेसेज वाचला, मला दाखवला. “बघा, दोन वाक्यं. दोन्हींत क्रियापद जागेवर,” म्हणाले, आणि त्यांनी खाली अंगठा टाकला. मीही वाचला. मलाही काही खटकलं नाही.

शब्द होता पोती. इंग्रजी अक्षरांत तो पी, ओ, टी, आय असा होतो. आमच्याकडे मुलीला पोट्टी म्हणतात, आणि तीही लोक तशीच लिहितात: पी, ओ, टी, आय.

ग्रुपमधल्या कोणीतरी त्या मेसेजचा, खालच्या अंगठ्यासकट, स्क्रीनशॉट काढून सासुरवाडीला पाठवला. बहुधा पोती विकायची असतील म्हणून. तिथून तो आणखी दोन गावांत गेला. त्या गावांत शहारे सरांची शाळा सगळ्यांना माहीत होती, प्रणाली कोणाला माहीत नव्हती, आणि बिसाहूचा धंदा मेसेजात कुठे लिहिलेला नव्हता. तिथे त्या दोन ओळी अशा वाचल्या गेल्या: हा माणूस गावातून पोट्टी नेतो. गाडीवर बांधून नेतो. आणि शेवटी ‘पाहिलं’. खाली सरांचा अंगठा.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सहा किलोमीटरवरच्या एका गावात बिसाहूला थांबवलं. त्याची बोली आधीच वेगळी, त्यात तो घाबरला. लोकांनी गाठोडं सोडलं. आत पोत्यांशिवाय काही नव्हतं. इथे ते थांबायला हवं होतं. प्रत्यक्षदर्शींनी मला जे सांगितलं ते असं, की गाठोड्यात नुसती पोती निघाल्यावर एकजण ओरडला, “मंग पोट्टी कुठं ठेवली बे?” आणि त्यानंतर मार सुरू झाला. उजवा कोपर दोन ठिकाणी मोडला. डावा डोळा पुढे पूर्ण बरा झाला नाही. पोलीस पाऊण तासाने पोहोचले.

मेसेज कुठून निघाला हे शोधायला वेळ लागला नाही. संध्याकाळी हवालदार सुकरामच्या घरी गेला. नंबर त्याचा होता. तो एकच वाक्य म्हणत राहिला, “मले लिवता येत नाही, साहेब.” हवालदाराला ते उर्मट वाटलं. त्याने सुकरामला गाडीत बसायला सांगितलं. तेवढ्यात सर आले. चप्पल पायात नव्हती, असं शेजारणीने मला सांगितलं.

“मी लिहिलं,” सर म्हणाले. “त्याच्या मोबाईलवरून. पोरांना दाखवाले.”

सुकराम गाडीतून उतरला.

चार दिवसांनी शाळेत चौकशी झाली. शिक्षण विस्तार अधिकारी, सरपंच, हवालदार. मी दाराशी उभा होतो. सातवीचा वर्ग नेहमीसारखा जमिनीवर बसलेला. अधिकाऱ्यांनी कागद काढला.

“मेसेज तुम्हीच लिहिला?”

“हो.”

“पालकाच्या मोबाईलवरून?”

“हो. मुलांना दाखवत होतो.”

तिसऱ्या रांगेतून प्रणाली उठली. “सरायनं नाही जी. मी लिवलं. फोटूबी मीच काढला.”

अधिकारी सरांकडे बघू लागले. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“खोटं बोलून राहिली,” ते म्हणाले.

“नाही सर, मी...”

“मले वाचवाले खोटं बोलून राहिली ते. बस खाली.”

त्या शाळेत सर सोळा वर्षं होते. इतक्या वर्षांत कोणत्याही मुलाला त्यांनी ‘खोटं बोलतोस’ असं म्हटलेलं कोणाच्या आठवणीत नाही. “तपासू,” एवढंच म्हणायचे. वर्गाला ते माहीत होतं.

“सरांवर एवढी माया?” अधिकारी तिला म्हणाले. “चांगलं आहे. पण असं खोटं बोलू नये, बेटा.”

प्रणाली उभीच राहिली. “मी तेथं होती. मी पाह्यलं,” ती म्हणाली. मागून एक मुलगा फिसकन हसला. मग ती बसली.

बाहेर मोहाच्या झाडाखाली मी सरांना गाठलं. सात वाजून अकरा मिनिटांनी ते कुठे होते हे मला माहीत होतं, आणि ते मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं.

“थोरलीची शाळा कशी सुटली, ठाऊक आहे ना तुम्हाला?” ते म्हणाले. “हिची सुटायला नुसतं कारण पाहिजे होतं. अन् सुकरामला एकदा ठाण्यात नेला असता तर त्याचा नंबर, त्याची जात, त्याचं जंगल, सगळंच त्याच्याविरुद्ध निघालं असतं. माझं काय होईल? बदली.”

“पण ती खरं बोलली, सर.”

“हो,” ते म्हणाले. “मीच शिकवलं.”

मी बातमी दिली. ‘हा मजकूर आपणच लिहिल्याचे शिक्षकाने सांगितले’ असं वाक्य होतं. चूक एकही नव्हती. ‘सांगितले’ या शब्दाआड किती गोष्टी झाकता येतात हे वार्ताहराला शिकवावं लागत नाही.

महिन्याभराने सर म्हणाले, बिसाहूचा पत्ता असेल तर मला घेऊन चला. आम्ही फुलचूरला गेलो. भाड्याची एक खोली, पुढे पत्र्याची छपरी, छपरीत पोत्यांची चळत. बिसाहूची बायको मोठ्या सुईने फाटकी पोती शिवत होती. तिने आम्हाला बसायला पोतंच दिलं. बिसाहूचा हात गळ्यात बांधलेला होता.

सरांनी हात जोडले. “भैया, वो मेसेज मैंने लिखा था.”

बिसाहूने गळ्यातला हात सावरला. “फोटो तो बच्ची ने खींचा था, गुरुजी. मैंने खुद बोला, रुक बेटी, गमछा ठीक कर लूँ.”

सरांनी जोडलेले हात खाली घेतले.

“पुलिस को बताया था?” मी विचारलं.

“पूछे थे. मैं बोला, याद नहीं.” त्याने घराच्या आत बघितलं. दारात दोन मुली उभ्या होत्या. “मेरी भी दो हैं, साहब. बच्ची को कोई कुछ मत बोलना.”

सर उठायला लागले तेव्हा तो पुन्हा बोलला. आवाज चढलेला नव्हता. “बच्ची को तो माफ है. पर आप गुरुजी हो. आपको मालूम होना था, लोग क्या बाँचेंगे.”

सरांनी मान हलवली, एकदाच, नोंद घेतल्यासारखी. परतीच्या गाडीत सौंदड मागे पडलं. मग सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मी अंगठा दिला होता.”

त्यांची बदली सालेकसा तालुक्यात, डोंगराकडच्या एका शाळेत झाली. तिथे मोबाईलला रेंज नव्हती. जाण्याआधी त्यांनी ग्रुप सोडला. ‘शहारे सर ग्रुपमधून बाहेर पडले’ अशी बारीक ओळ सगळ्यांच्या मोबाईलवर आली. कोणी काही लिहिलं नाही. ग्रुप बंद पडला नाही. त्यावर गुलाबाची फुलं, देवांचे फोटो आणि निवडणुकीच्या वेळी दोन्ही बाजूंच्या शिव्या येऊ लागल्या. शाळेची भिंत पुढच्या वर्षी फिक्या गुलाबी रंगाने रंगवली गेली. बोअरिंग पुन्हा बिघडली तेव्हा लोकांनी सरपंचाच्या घरी जाऊन सांगितलं, जसं पूर्वी सांगायचे.

प्रणाली आठवीत गेली. सुकराम तिला सायकल शिकवताना मी पाहिला आहे. तेवढ्यापुरतं सरांचं गणित बरोबर आलं. पण गावात तिचं एक नाव पडलं. ती काही सांगू लागली की कोणीतरी म्हणायचं, “ह्ये सरासाठी खोटं बोलनारी होय.” प्रेमानेच म्हणायचे, कौतुकाने. ती मोठी निष्ठावान ठरली होती. दहावीत असताना ती एकदा माझ्याकडे आली.

“तुमच्या मोबाईलात तो मेसेज हाय ना? टाइमासहित?”

“आहे.”

“मंग छापा.”

मी म्हणालो, केस सुरू आहे, सरांचा जबाब कोर्टात आहे, तो फिरला तर मारणाऱ्यांच्या वकिलाला तेच हवं आहे. हे सगळं खरं होतं. ती म्हणाली, “सर फोन उचलत नाही.” मी म्हणालो, तिकडे रेंज नसते. हेही खरं होतं. ती उठून गेली.

सालेकश्यालाच सरांना छातीत दुखायला लागलं आणि गोंदियाला आणेपर्यंत ते गेले. त्यानंतर केसचा निकाल लागला; काहींना शिक्षा झाली, काही सुटले. प्रणाली आता सज्ञान आहे आणि तिने मला हे लिहायला सांगितलं आहे, तिच्या नावासकट. तो मेसेज तिने लिहिला होता. वर्गात ती खरं बोलली होती. हे मी पाहिलं आहे.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या मृत्यूच्या सात-आठ महिने आधी, अर्जुनीच्या स्टेशनवर, सोमवारी सकाळी. मी पेपरांचं पार्सल घ्यायला गेलो होतो. ते रविवारी घरी येऊन पुन्हा सालेकश्याला निघाले होते. केस पिकले होते. शाळेबद्दल सांगत होते. मुलं गोंडी बोलतात, आपण अजून अर्धंच शिकलो, आणि वर्गात तीच आपल्याला दुरुस्त करतात, असं. त्यात ते थोडे खुलले होते. तेवढ्यात तिकीट खिडकीकडून प्रणाली आली. कॉलेजचा गणवेश, पाठीला बॅग. ती सरळ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

“सर, ओळखलं का?”

“प्रणाली. अकरावीत असशील.”

“बारावीत. गोंदियाले फारम भराले जाऊन राहिली.”

“वा. कोणता विषय...”

“सर, मी खोटी नव्हती.”

सर रुळांकडे बघू लागले.

“तुमी काऊन तसं बोलले ते मले ठाऊक हाय,” ती म्हणाली. “बाबालेबी ठाऊक हाय. तुमी नसते तं मी बकऱ्या चारत असती. पन आता माझी शाळा सुटत नाही जी. बाबाले कोनी नेत नाही. आता बोला.”

“केस सुरू आहे, प्रणाली.”

“कोर्टात नोका बोलू. गावातबी नोका बोलू. येथंच बोला, मले. यायले तं ठाऊकच हाय,” तिने माझ्याकडे न बघता माझ्याकडे हात केला. “मले तुमच्या तोंडून आयकाचं हाय. एकदा.”

सरांनी चष्मा काढला. तोंड उघडलं. मला वाटलं ते बोलणार.

“गाडी आली,” ते म्हणाले.

गाडी आली नव्हती. नुसता सिग्नल पडला होता. त्यानंतर गाडी येईपर्यंत चार-पाच मिनिटं गेली असतील. तेवढा वेळ ते दोघं समोरासमोर उभे होते आणि सर चष्मा पुसत राहिले. गाडी लागली तसे सर बॅग उचलून चढले. डब्यात जागा भरपूर होती. फलाटाकडच्या खिडक्या सोडून ते पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसले. इकडून त्यांची पाठ आणि सदऱ्याची कॉलर तेवढी दिसत होती.

प्रणालीला त्याच गाडीने जायचं होतं. तिकीट तिच्या हातात होतं. गाडी सुटेपर्यंत ती त्या डब्यासमोर उभी राहिली, आणि चढली नाही.